म्युझस्कोरमध्ये मराठी गाण्याचे शब्द नोटांखालून सरकतात तेव्हा काय तपासायचं

म्युझस्कोर म्हणजे कॉम्प्युटरवर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) लिहायचं सॉफ्टवेअर. आधी लक्षणं बघा. यातलं एखादं तरी तुमच्या पानावर दिसत असेल तर पुढे वाचा.

- ओळ अर्ध्यापर्यंत नीट चालते, मग प्रत्येक अक्षर एका नोटेने पुढे जातं आणि शेवटचं अक्षर पुढच्या ओळीच्या पहिल्या नोटेखाली जाऊन बसतं.
- शब्द संपतात, नोटा उरतात.
- लांब धरलेल्या सुराखाली रेघ यायला हवी, तिथे अक्षराला विसर्ग चिकटतो.
- पहिलं कडवं व्यवस्थित, दुसरं कडवं वाकडं.
- एखादा काना किंवा वेलांटी टिंबाटिंबांच्या वर्तुळासोबत एकटीच उभी राहते.
- सोप्रानोचे (वरच्या आवाजाचे) शब्द अल्टोच्या (त्याखालच्या आवाजाच्या) लयीने थांबत-थांबत चालतात.
- घरच्या कॉम्प्युटरवर सगळं छान, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली की अक्षरं एकमेकांवर चढलेली.

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या पट्ट्यातल्या चर्चच्या कॉयरसाठी आणि भजनी मंडळांत कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांसाठी मी स्टाफ नोटेशन लिहून देतो. दुरुस्तीला येणाऱ्या फायलींमध्ये सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच: शब्द सरकलेत. आपल्याकडे ही चूक जास्त महागात पडते. गणपतीला आणि नाताळला चाकरमानी मुंबईहून आदल्या दिवशी पोचतात. त्यांना तालमीसाठी एक संध्याकाळ मिळते, कधी तीही नाही. चाल कानात बसलेली नसते, म्हणून ते पानावर जे दिसतं तेच गातात. पानावर 'ला' चुकीच्या नोटेखाली असेल तर पाचजण चुकीच्या नोटेवर 'ला' म्हणतात, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून गोंधळतात.

इथे म्युझस्कोर ४ धरून लिहितोय. ते फुकट आहे, म्हणून आपल्याकडे बहुतेकांकडे तेच असतं. डिसेंबर २०२२ मध्ये चौथी आवृत्ती आली. तुमच्याकडे अजून तिसरी असेल तर मेनूतल्या जागा थोड्या वेगळ्या दिसतील, तपासण्या त्याच. लिलिपाँड हे दुसरं नोटेशन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

काहीही करण्याआधी फाइलची एक प्रत दुसऱ्या नावाने सेव्ह करा.

पहिली तपासणी: अक्षर खरंच चुकीच्या नोटेला बांधलंय, की फक्त तसं दिसतंय?

याला दहा सेकंद लागतात. कंट्रोल+ए दाबून सगळं निवडा आणि कंट्रोल+आर दाबा. हाताने ओढून हलवलेली प्रत्येक गोष्ट आपल्या मूळ जागी परत जाते. शब्दांशिवाय दुसरं काही मुद्दाम हलवलं असेल तर तेही परत जाईल, म्हणून वर प्रत काढायला सांगितलं.

आता पाहा. अक्षरं जागेवर आली, तर कोणीतरी माऊसने ओढाओढ केली होती आणि काम संपलं. उलट एखादं अक्षर आणखीच भलत्या नोटेखाली गेलं, तर ते पहिल्यापासून तिथेच बांधलेलं होतं. नुसतं ओढून बरोबर भासवलं होतं. असं ओढलेलं पान स्क्रीनवर बरं दिसतं, पण कागदाचा आकार बदलला किंवा एक माप (दोन उभ्या रेघांमधला भाग) वाढवलं की सगळं पुन्हा विस्कटतं. खात्रीसाठी संशयित अक्षरावर एकदा क्लिक करा. खिडकीच्या तळाशी डावीकडे ते कितव्या मापात, कितव्या मात्रेवर आहे ते लिहून येतं. डोळ्यांपेक्षा त्या ओळीवर विश्वास ठेवा.

यापुढे एक नियम पाळा: शब्द माऊसने सरकवायचे नाहीत. एकदाही नाही.

दुसरी तपासणी: अक्षरं तोंडाने मोजा

बहुतेक फायली इथेच सुटतात, म्हणून इथे सावकाश जाऊ. कॉम्प्युटर बाजूला ठेवा, कागद-पेन्सिल घ्या.

मराठीत आपण लिहितो एका हिशेबाने आणि गातो दुसऱ्या. लिहिताना 'घर' दोन अक्षरांचं, बोलताना एका झटक्यात संपतं. 'आमचा' लिहिताना तीन, म्हणताना आम-चा, दोनच. गाण्यात हा हिशेब आणखी वाकतो, कारण काही ठिकाणी शेवटचा 'अ' गिळला जातो आणि काही ठिकाणी चाल तो मुद्दाम उघडा ठेवते. टाइप करणारा माणूस डोळ्यांनी मोजतो आणि प्रत्येक लिहिलेल्या अक्षराला एक नोट देत सुटतो. चाल मात्र तोंडाच्या हिशेबाने बांधलेली असते.

एक ओळ घेऊन दाखवतो. उदाहरणापुरती इथेच रचली आहे:

दर्यावर वारा आला, होडी आली बंदरात

लिहिलेली अक्षरं मोजा. द, र्या, व, र, वा, रा, आ, ला: आठ. हो, डी, आ, ली, बं, द, रा, त: पुन्हा आठ. अष्टाक्षरी चरण, नीटनेटके, एकूण सोळा. म्हणून नोटाही सोळा असतील असं वाटतं.

आता समजा चाल अशी आहे की 'वर' एका नोटेवर एका दमात म्हटलं जातं, आणि ओळीच्या शेवटी 'बंदरात'मधला 'त' मात्र स्वतःच्या नोटेवर उघडा गायला जातो. म्हणजे पहिल्या चरणाला सात नोटा, दुसऱ्याला आठ. एकूण पंधरा. कोणी अक्षरशः टाइप केलं तर काय होतं? द पहिल्या नोटेवर, र्या दुसऱ्या, व तिसऱ्या, इथपर्यंत सगळं बरोबर दिसतं. 'र' चौथ्या नोटेवर जातो, जी 'वा'ची होती. तिथून प्रत्येक अक्षर एका नोटेने पुढे सरकतं. 'आला'मधला 'ला' आठव्या नोटेवर, म्हणजे जिथे 'होडी' सुरू व्हायला हवी तिथे. आणि शेवटचा 'त' सोळाव्या नोटेवर, म्हणजे पुढच्या ओळीच्या तोंडावर. लक्षणांच्या यादीतलं पहिलं लक्षण हेच.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, 'वर'मधला र बंद आणि 'बंदरात'मधला त उघडा, दोन्ही एकाच ओळीत. व्याकरणाचा एकच नियम लावून हे सुटत नाही; त्या चालीत गाणारा काय म्हणतो ते ऐकावंच लागतं. दोन, बिघाड जिथे दिसतो तिथे तो झालेला नसतो. तक्रार येते 'बंदरात'ची, चूक असते 'वर'मध्ये. म्हणून दुरुस्ती नेहमी ओळीच्या सुरुवातीपासून पुढे करत जायची, शेवटून मागे नाही.

करायचं असं. चाल म्हणत बोटाने टेबलावर ठोका द्या, प्रत्येक नव्या उच्चाराला एक. कागदावर तिथे उभी रेघ मारा: द | र्या | वर | वा | रा | आ | ला. मग त्या ओळीच्या नोटा मोजा. दोन आकडे जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर फरक किती आणि कोणत्या शब्दापाशी, ते कागदावरच सापडतं. स्वतःला चाल पक्की येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवा. छापील पुस्तकावरून मोजू नका. पुस्तक गात नाही.

चूक सापडली की त्या अक्षरापासून ओळीच्या शेवटापर्यंतचे शब्द पुसून नव्याने टाइप करा. एकेक अक्षर पुढे-मागे ढकलत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

जोडाक्षर कुठे तोडायचं, हा इथला नेहमीचा प्रश्न. 'दर्या' हे 'दर्-या' लिहायचं की 'द-र्या'? 'भक्ती' हे 'भक्-ती' की 'भ-क्ती'? माझं मत पक्कं आहे: जोडाक्षर अख्खं ठेवा आणि पुढच्या नोटेला द्या. द-र्या, भ-क्ती, चं-द्र. पाय मोडलेलं अक्षर एकटं दिसलं की वाचणारा तिथे अडखळतो आणि बऱ्याचदा ते व्यंजन लगेच बंद करून सूर तोडतो. 'द' वाचला तर तो सूर उघडा धरतो आणि पुढच्या नोटेच्या उंबऱ्यावर 'र्या' म्हणतो. गाणं शिकवणारेही हेच सांगतात की स्वर धरा, व्यंजन उशिरा बंद करा. 'वर'सारखा बंद उच्चार मात्र एकाच नोटेखाली अख्खा लिहायचा, 'वर्' असा पाय मोडून नाही. कोणी दुसरी पद्धत वापरत असेल तर हरकत नाही, पण एका पुस्तिकेत एकच ठेवा.

तिसरी तपासणी: हायफन आणि रेघ

ज्यांनी आधी भातखंडे पद्धतीने स्वरलिपी लिहिली आहे त्यांची इथे हमखास गफलत होते, आणि त्याला कारण आहे. त्या पद्धतीत स्वरांच्या ओळीत आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवा, आणि शब्दांच्या ओळीत अवग्रह म्हणजे अक्षर लांबवा. म्युझस्कोरमध्ये हायफन म्हणजे 'हा शब्द अजून संपला नाही, पुढच्या नोटेवर चला'. लांब सुरासाठी हायफन दाबला की कर्सर उडी मारतो आणि शब्दाची वाट लागते. सूर एकाच लांब नोटेचा असेल तर काहीही दाबायचं नाही. नोटेची लांबी नोटच सांगते.

एक अक्षर अनेक नोटांवर ताणलं असेल तर दोन पर्याय आहेत. शब्द अजून चालू असेल, उदाहरणार्थ 'वारा'मधला 'वा' तीन नोटांवर, तर 'वा' टाइप करून हायफन तीनदा. कर्सर चौथ्या नोटेवर येईल, तिथे 'रा'. शब्द संपला असेल, म्हणजे 'रा' तीन नोटांवर, तर अंडरस्कोर तीनदा. खाली लांब रेघ येते आणि कर्सर पुढच्या शब्दावर पोचतो. जितक्या नोटांवर अक्षर ताणलं तितक्या वेळा दाबायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. स्पेस दाबत दाबत पुढे गेलात तरी अक्षरं जागेवर येतील, पण रेघ येणार नाही आणि गाणाऱ्याला कळणार नाही की सूर धरायचा की सोडायचा. 'राऽऽ' असे अवग्रहही टाइप करू नका. अक्षराची रुंदी वाढते आणि नोटा विनाकारण लांब फेकल्या जातात.

विश्रामचिन्हं, म्हणजे रेस्ट, म्युझस्कोर आपण होऊन ओलांडतं. स्लर (वेगवेगळ्या सुरांवरची कमान) आणि टाय (एकाच सुराच्या दोन नोटा जोडणारी कमान) ओलांडत नाही. टायने जोडलेल्या दुसऱ्या नोटेवर कर्सर थांबतो आणि टाइप करणारा तिथे पुढचं अक्षर ठेवून देतो. आपल्या चालींमध्ये समेच्या अलीकडे सुरू होऊन सम ओलांडून जाणारे सूर पुष्कळ, म्हणून टाय पुष्कळ. ओळ नेमकी मापाच्या रेघेनंतर सरकली असेल तर आधी टाय शोधा.

कण स्वर बारीक ग्रेस नोट म्हणून लिहिले असतील तर त्यांच्यावर कर्सर थांबतच नाही, त्रास नाही. मुरकी सगळी खऱ्या नोटांनी लिहिली असेल तर तिची प्रत्येक नोट मोजावी लागते. मी मुरक्या लिहितच नाही. कॉयरच्या पानावर साधा सूर लिहावा, मुरकी शिकवताना सांगावी.

चौथी तपासणी: कीबोर्ड

रिकामं पान उघडा, चार सारख्या नोटा टाका, पहिलीवर क्लिक करून कंट्रोल+एल दाबा आणि तुमच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डने 'क', स्पेस, 'ख', स्पेस, 'ग', स्पेस, 'घ' टाइप करा. चार अक्षरं चार नोटांखाली आली पाहिजेत.

उच्चाराप्रमाणे रोमनमधून मराठी करणारे कीबोर्ड स्पेस दाबल्यावर आधी शब्द पक्का करतात. काहींमध्ये ती स्पेस तिथेच खर्च होते आणि कर्सर हलत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. कधी दोन्ही पोचतात आणि एक नोट सुटते. वरच्या चाचणीत गडबड दिसली तर दोष गाण्याचा नाही, कीबोर्डचा आहे. शब्दांच्या कामापुरता इन्स्क्रिप्ट (कळ दाबताच थेट मराठी अक्षर देणारा कीबोर्ड) लावा.

इन्स्क्रिप्टची स्वतःची एक अडचण आहे, आणि विसर्गाचं लक्षण तिथून येतं. इंग्रजी कीबोर्डवर शिफ्ट आणि हायफन मिळून अंडरस्कोर होतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच दोन कळांनी विसर्ग होतो. तुम्ही रेघ मागता आणि 'रा'चं 'राः' होतं. उपाय: 'रा' टाइप झाला की विंडोज+स्पेसने इंग्रजी कीबोर्डवर जा, अंडरस्कोर दाबा, परत या. कंटाळवाणं आहे, पण गाण्यात अशा जागा थोड्याच असतात. किंवा आधी सगळे शब्द टाकून घ्या आणि रेघा शेवटी एकत्र द्या.

दोन शब्द एकाच नोटेखाली हवे असतील तर साधी स्पेस चालत नाही, कंट्रोल+स्पेस दाबा. मॅकवर ऑप्शन+स्पेस.

पाचवी तपासणी: पेस्ट केलेले शब्द

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर सरळ पेस्ट करू नका. आधी नोटपॅडमध्ये टाका. काही फोनचे कीबोर्ड हायफनचा लांब डॅश करतात. तो दिसतो हायफनसारखा, पण म्युझस्कोर त्याला हायफन मानत नाही आणि 'द–र्या' अख्खा एका नोटेखाली बसतो. दोन-दोन स्पेस, ओळीच्या शेवटचे दंड, कंसातलं 'दोनदा', हे सगळं काढा.

टिंबांचं वर्तुळ दिसलं तर हायफन अक्षराच्या पोटात पडला आहे: 'क' एकीकडे, काना दुसरीकडे. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे कधीही आपल्या अक्षरापासून तोडता येत नाहीत. ते अक्षर पूर्ण पुसून पुन्हा टाइप करा.

आणखी एक बारीक गोष्ट. 'किनाऱ्यावर'मधला अर्धा र काही मजकुरांत एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या आधाराने उभा असतो. कॉपी-पेस्टच्या वाटेत ते चिन्ह गळलं की 'किनार्यावर' असा रफार होतो. उच्चार बदलतो: ऱ्या हलका, र्या जोरकस, आणि त्यासोबत आधीचं 'ना'ही जड होतं. गाणाऱ्याच्या तोंडात हा फरक लगेच ऐकू येतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट+जे ने येणारा 'ऱ', मग पाय मोडण्याची कळ, मग 'य', असं हाताने टाइप केलंत की ते पुन्हा बिघडत नाही.

पेस्ट केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसत असेल तर मूळ मजकूर श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमधला आहे, युनिकोड नाही. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार एकेक करून वाचून काढावे लागतात.

सहावी तपासणी: व्हॉइस आणि कडवी

सोप्रानो आणि अल्टो एकाच स्टाफवर असतील तर शब्द कोणत्या व्हॉइसला (स्टाफवरच्या कोणत्या आवाजाच्या नोटांना) बांधलेत ते बघा. नोटेवर क्लिक करा. निळी झाली तर पहिला व्हॉइस, हिरवी झाली तर दुसरा. घाईत हिरव्या नोटेवर क्लिक करून शब्द सुरू केले की ते अल्टोच्या लयीने चालतात. सोप्रानोच्या दोन आठवांश नोटांखाली अल्टोची एक चतुर्थांश नोट असेल, तर सोप्रानोची एक नोट शब्दावाचून राहते. दुरुस्ती एकच: शब्द पुसून निळ्या नोटेपासून पुन्हा टाइप करणे.

दुसऱ्या कडव्याचं दुखणं वेगळं. वरच्या उदाहरणात पहिल्या चरणाला सात उच्चार आणि दुसऱ्या कडव्यात त्याच जागी 'किनाऱ्यावर दिवे लागले' असं आलं, तर तोंडाने मोजा: कि-ना-ऱ्या-वर-दि-वे-लाग-ले, आठ. एक जास्त. गाणारे न सांगता पहिल्या सुराचे दोन करतात, 'कि' आणि 'ना'. पानावरही तेच करा. पहिली चतुर्थांश नोट फोडून दोन आठवांश करा, त्यांच्यावर स्लर द्या आणि प्रॉपर्टीजमध्ये तो तुटक करा. तुटक स्लरचा अर्थ असा की एका कडव्यात हे एकत्र, दुसऱ्यात वेगळे. पहिल्या कडव्यात 'द' नंतर हायफन दोनदा दाबा म्हणजे तो दोन्ही नोटांवर पसरेल. फरक एका-दोन अक्षरांचा असेल तोवर हे ठीक. प्रत्येक ओळीत फरक असेल तर दुसरं कडवं स्वतंत्र लिहा. एक पान कागद जास्त लागेल, तालमीतला अर्धा तास वाचेल.

दुसऱ्या कडव्याचं अक्षर तिसऱ्या ओळीत उतरलेलं दिसलं तर एंटर एकदा जास्त दाबला गेला आहे. अक्षर निवडून प्रॉपर्टीजमध्ये कडव्याचा क्रमांक बदला.

सातवी तपासणी: फॉन्ट आणि जागा

म्युझस्कोर ४ चा नेहमीचा फॉन्ट एडविन. त्यात देवनागरी नाही. तुम्हाला जी मराठी दिसते ती कॉम्प्युटरने स्वतः शोधून लावलेल्या दुसऱ्या फॉन्टची असते, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुसराच लागतो. अक्षरांची रुंदी बदलते, म्हणून अंतरं बदलतात. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स इथे जाऊन फॉन्ट स्वतः ठरवा. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्त चांगले, दोन्ही फुकट. शब्दांसाठी तिथे दोन नोंदी असतात, एक विषम ओळींची आणि एक सम ओळींची. दोन्ही बदला. एकच बदलली की पहिलं कडवं एका फॉन्टमध्ये आणि दुसरं दुसऱ्यात, ही तक्रार मी फार वेळा पाहिली आहे.

झेरॉक्सच्या दुकानात म्युझस्कोरची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो.

शिरोरेखेमुळे आपल्याला आडवी जागा जास्त लागते. दोन अक्षरांच्या रेघा टेकल्या की 'आला होडी' एकच शब्द वाटतो. फॉरमॅट, स्टाइल, लिरिक्समध्ये किमान अंतर थोडं वाढवा. तिथेच लाइन हाइट वाढवली की पहिल्या कडव्याचे उकार दुसऱ्याच्या मात्रांना लागत नाहीत. तरीही गर्दी असेल तर मापाची रेघ निवडून एंटर दाबा आणि ओळ तोडा. अक्षराचा आकार कमी करू नका. चर्चमध्ये संध्याकाळच्या उजेडात, गणपतीत समईच्या उजेडात वाचायचं असतं.

लिलिपाँड वापरणाऱ्यांसाठी

तिथे वागणूक उलटी आहे. स्लर आणि टाय लिलिपाँड स्वतःच एक अक्षर मानून ओलांडतं. म्हणून शब्द पुढे पळत असतील तर टाइप करणाऱ्याने श्वासाचे टप्पे दाखवायला साधे स्लर वापरलेत का ते बघा. प्रत्येक स्लर नोटा गिळतो. टप्प्यांसाठी कंसाआधी तिरकी रेघ असलेला वेगळा स्लर आहे, तो वापरा. अक्षरांमध्ये दोन हायफन, दोन्ही बाजूंना जागा सोडून. जागा राहिली नाही तर सगळं एकच अक्षर धरलं जातं.

कुठे थांबायचं

फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येत असेल, किंवा एखाद्या मापात मात्रा कमी-जास्त भरत असतील, तर शब्दांना हात लावू नका. शब्द नोटांना बांधलेले असतात आणि नोटाच चुकीच्या असतील तर दुरुस्ती टिकत नाही. ही फाइल नोटेशनचं काम रोज करणाऱ्याकडे द्या.

जुनी फिनालेची फाइल असेल आणि तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर नसेल, तर ज्याच्याकडे अजून चालू आहे त्याला गाठून म्युझिकएक्सएमएल (इतर नोटेशन सॉफ्टवेअरना उघडता येणारी फाइल) करून घ्या, आणि लवकर घ्या. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आहे. आलेल्या म्युझिकएक्सएमएलमध्ये प्रत्येक अक्षराला सुटं, शब्दाची सुरुवात, मधलं किंवा शेवटचं अशी खूण असते. ती खूण चुकली की हायफन भलतीकडे येतात. दहा-वीस ठिकाणी असेल तर हाताने करा, पुस्तकभर असेल तर माणूस लावा.

जुन्या फॉन्टमधली अख्खी गीतांची वही युनिकोडमध्ये आणायची असेल तर ते मराठी डीटीपीवाल्याचं काम आहे. मुद्रितशोधनासह द्या, त्यावर पैसे वाचवू नका.

आणि मोजणीच जमत नसेल, दोन गाणारे तीच ओळ दोन तऱ्हांनी म्हणत असतील, तर कॉम्प्युटर बंद करा. तिथे कॉयर मास्तर किंवा बुवांनी बसून चाल पक्की केली पाहिजे. ते ठरेपर्यंत कोणताही ऑपरेटर तुम्हाला बरोबर पान देऊ शकणार नाही.

कोणाकडेही फाइल पाठवताना सोबत चार गोष्टी द्या: मूळ फाइल, चुकीच्या जागांवर लाल पेनने खूण केलेला पीडीएफ, वापरलेल्या फॉन्टचं नाव, आणि ज्याला चाल पक्की येते अशा एकाने सगळी कडवी गाऊन केलेलं फोनवरचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगमध्ये पेटी आणि तबला नको, नुसता आवाज.